नंबर तोच, गिरकी वेगळी : दारव्ह्याकडचं एक माऊस-प्रकरण

दारव्ह्यात माझं फॉर्म भरून देण्याचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मधूनच कुणाचं बंद पडलेलं एसएमपीएस. असल्या दुकानदाराकडे गेमचं प्रकरण यायला नको, पण हे घरातूनच आलं. दिवाळीला ताईच्या गावी गेलो तेव्हा भाचा माऊस आपटण्याच्या बेतात होता.

"मामा, नंबर तर तोच टाकला मी. मंग हे काऊन असं पयून राह्यलं?"

पोरगा दोन वर्षं काउंटर-स्ट्राइक १.६ हा नेम धरून गोळ्या झाडायचा खेळ खेळला. २००३ ची ही आवृत्ती ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवरही पळते, म्हणून आमच्याकडे ती अजून जिवंत आहे. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असते. गावातली बाकीची पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. माऊसवाला हा एकटाच. त्याचे अकरावीतले मित्र अमरावतीला होस्टेलवर राहतात आणि व्हॅलोरंट हा तसलाच नवा खेळ खेळतात. दिवाळीत मी त्याच्या मशीनला रॅम वाढवून एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं, त्यानं व्हॅलोरंट उतरवून घेतलं, आणि १.६ मधली सेन्सी (माऊसची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस सरकला की नजर किती वळावी त्याचा आकडा), २.५, तशीच्या तशी तिकडे लिहिली. मग काय, माऊसला नुसता धक्का लागला तरी समोरची भिंत सोडून पाठीमागचा दरवाजा दिसायचा.

इथवरचा घोळ सोपा होता. ताईच्या घरी कापूस निघायला लागला होता, त्यामुळे उदाहरण हाताशीच होतं. टीव्हीवर रुईचा भाव खंडीनं सांगतात, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. बाजार समितीत आपण कापूस विकतो तो क्विंटलनं, तोही सरकीसकट. टीव्हीवरचा आकडा ऐकून कुणी आपल्या गाडीतल्या कापसाचा हिशोब मांडला तर त्याचं जे होईल, तेच भाच्याच्या २.५ चं झालं. सेन्सिटिव्हिटीचा आकडा हा नुसता गुणक आहे. त्याच्या मागे प्रत्येक खेळाचं स्वतःचं माप असतं, त्याला यॉ म्हणतात: माऊसनं एक काउंट (हालचालीची सगळ्यात छोटी नोंद) पाठवला की सेन्सी १ असताना नजर किती अंश वळते.

काउंटर-स्ट्राइकमध्ये हे माप ०.०२२ अंश आहे. हा आकडा १९९६ च्या क्वेक या खेळापासून चालत आलाय. हाफ-लाइफ या खेळाचं इंजिन (खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम) क्वेकच्या इंजिनावरून बनलं, काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफवर उभा राहिला, आणि पुढे सोर्स इंजिनातही तो तसाच राहिला. म्हणून काउंटर-स्ट्राइक २ आणि एपेक्स लेजंड्स यांची सेन्सी एकमेकांत जशीच्या तशी चालते. व्हॅलोरंट २०२० मध्ये दुसऱ्याच घरात जन्मला, त्याचं माप ०.०७. ओव्हरवॉच आणि कॉल ऑफ ड्यूटीचं ०.००६६. म्हणजे व्हॅलोरंटचं एक पाऊल काउंटर-स्ट्राइकच्या ३.१८ पावलांएवढं. भाच्यानं २.५ तसाच ठेवल्यावर माऊस जेमतेम ५ सेंटिमीटर सरकला की पूर्ण ३६० अंशांची गिरकी. आगपेटीच्या लांबीएवढ्या जागेत अख्खं जग फिरतंय, मग नेम कुठला लागणार!

मी २.५ ला ३.१८ नं भागून ०.७८६ लिहून दिला. नेटवरचे कन्व्हर्टरही हाच भागाकार करतात, त्यात जादू काही नाही. मामा हुशार ठरला, फराळ झाला, मी दारव्ह्याला परतलो.

चार दिवसांनी फोन. "मामा, जमून नाई राह्यलं. पहिल्यापेक्षा बरं हाये, पण हात माहा नाई वाटत."

खरं प्रकरण इथून सुरू होतं, कारण गणित बरोबर होतं. "सवय होईल" म्हणून मी सोडून दिलं असतं. दुकानात गिऱ्हाइकाला आपण असंच सांगतो, खोटं कशाला बोलू. पण पोरगा एक वाक्य बोलून गेला: "दूरच्या माणसावर नेम धरतो तं पुढं निघून जाते, अन् मागं वयायचं म्हटलं तं अर्ध्यातच राह्यते." आता बघा, सेन्सी नुसती जास्त असेल तर दोन्हीकडे पुढे जायला हवं. कमी असेल तर दोन्हीकडे मागे राहायला हवं. बारीक हालचालीत जास्त आणि मोठ्या हालचालीत कमी, हे एका आकड्याच्या चुकीनं होत नाही. रविवारी पुन्हा ताईकडे गेलो.

कॉम्प्युटर कुठे आहे ते सांगायला हवं, कारण पुढे ते कामी येतं. ताईच्या जुन्या शिलाई मशीनचं मुंडकं आत दुमडलेलं, वर फळी बंद, त्या फळीवर मॉनिटर आणि कीबोर्ड. उजव्या अंगाला माऊससाठी उरलेली जागा १७-१८ सेंटिमीटर. फळीला मध्ये बिजागरीची फट आहे, तिच्यावरून माऊस गेला की ठेच लागते, म्हणून वर एका जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उलटा टाकलेला. पुठ्ठ्यावर मध्यभागी माऊसच्या पायांनी घासून एक चकचकीत गोल झालाय, साधारण वाटीएवढा. दोन वर्षांचा सगळा खेळ त्या वाटीत झालेला.

ड्रॉवरमध्ये ताईचा मापाचा टेप सापडला. तो पुठ्ठ्याच्या कडेला चिकटपट्टीनं लावला. आधी १.६ चालू केला, एका खिडकीच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, ठेवला, माऊसची डावी कड टेपच्या शून्यावर, आणि म्हटलं, "आता हयू हयू फिरव, तीच कड परत येईस्तोवर." जागा पुरत नसेल तर मध्ये उचलून परत ठेवायचा आणि दोन्ही तुकडे मोजून बेरीज करायची. तीन वेळा केलं: २४, २३.५, २४.५. मग सांगितलं, आता तेच झटक्यानं कर, कुणी पाठीमागून गोळी झाडली असं समज. १२, १३, १२.५.

गणितानं किती यायला हवं होतं? माऊस १००० डीपीआयचा, म्हणजे इंचभर सरकला की १००० काउंट पाठवतो. सेन्सी २.५ गुणिले ०.०२२ म्हणजे एका काउंटला ०.०५५ अंश. ३६० अंशांना ६५४५ काउंट, म्हणजे साडेसहा इंचांच्या थोडं वर, म्हणजे १६.६ सेंटिमीटर. मी कन्व्हर्ट केला होता तो हा १६.६. आणि पोराच्या हातानं १६.६ दोन वर्षांत क्वचितच पाहिला होता. सावकाश हात २४ वर चालत होता, घाईचा हात १२ वर.

हे माऊस ॲक्सिलरेशन. हात जितक्या वेगानं हलेल तितकं जास्त अंतर पदरात पडतं. विंडोजमध्ये त्याची खूण 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' या नावाखाली असते आणि नवीन विंडोज टाकलं की बहुधा ती आधीच लागलेली असते. मी लगेच कंट्रोल पॅनल उघडलं. खूण काढलेली! पॉइंटरचा वेगही अकरापैकी बरोबर सहाव्या घरात, जिथे एका काउंटला एक पिक्सेल मिळतो. भाचा म्हणाला, "ते तं मी कवाच काढलं मामा, व्हिडिओत सांगतलं होतं." मी डोकं खाजवत बसलो. इतक्यात लाईन गेली, दीड तास आली नाही. त्या दीड तासात भुईमुगाच्या शेंगा खाताना आठवलं की जुन्या खेळांची एक खोड आहे.

१.६ हा क्वेकच्या काळातल्या पद्धतीनं माऊस हाताळतो. सुरू झाला की तो विंडोजला माऊसचे तीन आकडे सांगतो: ०, ०, १. विंडोज २००० पर्यंत त्याचा अर्थ होता की सगळी हालचाल सरसकट दुप्पट कर, हळू असो की जोरात. त्यात चढता वेग नव्हता. विंडोज एक्सपीपासून मात्र तिसऱ्या जागेवरचा आकडा शून्य नसला की त्याचा अर्थ 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन चालू कर' असा झाला. खेळ बिचारा जुन्याच भाषेत बोलतोय, विंडोज नव्या भाषेत ऐकतंय. वर आणखी एक गंमत: खेळाच्या खिडकीतून बाहेर पडलं की तो विंडोजची आधीची सेटिंग परत जागेवर ठेवून जातो. म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये कधी काही दिसत नाही. पावण्यानं जाताना अंथरूण घडी करून ठेवावं, तसं. चोरी झालीच नाही असं वाटतं.

लाईन आल्यावर खेळ सुरू होताना द्यायच्या ऑप्शनांत 'नोफोर्सएमॅक्सेल', 'नोफोर्सएमएसपीडी' आणि 'नोफोर्सएमपार्म्स' हे तीन शब्द टाकले. त्यांचा अर्थ एवढाच, की बाबा, माऊसच्या आकड्यांना हात लावू नको. पुन्हा टेप. हळू १६.८, जोरात १७. झालं, चोर सापडला. (स्टीमवरच्या नंतरच्या १.६ मध्ये रॉ इनपुट चालू करायची सोय आहे. ते केलं की विंडोज मधून बाजूलाच होतं. पेनड्राइव्हवाल्या प्रतीत ती सोय नव्हती.) व्हॅलोरंट माऊसचे काउंट थेट वाचतो, विंडोजचं मधलं गणित त्याला लागत नाही. तिथे ०.७८६ वर मोजलं तर हळूही १६.९ आणि जोरातही १६.९.

आता प्रश्न पडला तो खरा जुळवणीचा. कन्व्हर्टरला एक आकडा द्यावा लागतो. चढता वेग वापरणाऱ्या हाताला एक आकडा नसतोच. १.६ तला २.५ हा फायलीत लिहिलेला आकडा होता, हातातला नव्हता. मग जुळवायचं कशाशी: २४ शी, १२ शी, की मधल्या १६.६ शी?

मधला घ्यायचा मोह होतो, पण मधला म्हणजे दोन्हीकडे चुकणं. पोराची तक्रार तीच तर होती. मी २४ निवडला, आणि का ते सांगतो. झटक्यात मागे वळताना चार अंश इकडेतिकडे झाले तर माणूस पुढच्या क्षणी सावरतो. दूरच्या खिडकीतल्या डोक्यावर नेम धरताना अर्धा अंश चुकला तर गोळी भिंतीत. व्हॅलोरंटमध्ये नेम आधीच धरून कोपऱ्यावर थांबायचं असतं, गोळी झाडताना पाय थांबवावे लागतात, त्यामुळे बारीक हालचालीचं वजन तिथे जास्त. हाताची जी सवय जास्त किमतीची, ती जपायची; दुसरी नव्यानं शिकायची. शिवाय व्हॅलोरंटचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ईडीपीआय, म्हणजे डीपीआय गुणिले सेन्सी, २०० ते ४०० च्या दरम्यान ठेवतात. आमचा ०.७८६ वरचा ७८६ होत होता. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून नाही, पण खाली जाण्यात धोका नाही एवढं त्यावरून कळलं.

मग २०० पर्यंत का नाही उतरलो? शिलाई मशीनमुळे. ईडीपीआय २०० ला पूर्ण गिरकीला ६५ सेंटिमीटर लागतात, अर्धं वळायला ३२. आमच्याकडे १८. नेटवर सल्ला देणाऱ्याकडे हातभर रुंद माऊसपॅड असतो, त्याच्या आकड्यात त्याचं टेबलही मोजलेलं असतं, हे तो सांगत नाही. २४ वर अर्धं वळायला १२ सेंटिमीटर लागतात. ते पुठ्ठ्यावर बसतं.

२४ साठी आकडा काढायला सूत्राचीही गरज पडली नाही. ०.७८६ वर १६.९ सेंटिमीटर येतात, आपल्याला २४ हवेत, त्रैराशिक मांडलं: ०.७८६ गुणिले १६.९ भागिले २४, बरोबर ०.५५३. पाचवीतलं गणित आहे, पण पोराला ते मनापासून पटलं, कारण टेप समोर होता. १.६ मध्येही ॲक्सिलरेशन बंद ठेवून त्याच प्रमाणात सेन्सी १.७६ केली, म्हणजे दोन्हीकडे हात एकच. ताई मध्येच येऊन गेली: "मामा-भाचे काय करून राह्यले माह्या मशीनवर? टेप दे इकडं, ब्लाऊज कापाचा हाये मले."

दोन गोष्टी बाकी होत्या. पहिली, नजरेच्या रुंदीची. १.६ चौकोनी मॉनिटरवर ९० अंश रुंद दाखवतो, व्हॅलोरंट लांबट मॉनिटरवर १०३. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण उभ्या दिशेनं हिशोब केला तर पहिल्यात साधारण ७४ आणि दुसऱ्यात साधारण ७० अंश पडतात. बिनास्कोपच्या बंदुकीला त्याचं फार काही वाटत नाही, म्हणून मी तिथे वेळ घालवला नाही.

स्कोपचं मात्र वेगळं प्रकरण आहे. स्कोप लावल्यावर जग मोठं दिसतं, तेव्हा तेच २४ सेंटिमीटर ठेवले तर नेम दारू प्यायल्यासारखा डोलतो. खेळ आपणहून सेन्सी कमी करतो, पण कुठल्या हिशोबानं ते पाहावं लागतं. काउंटर-स्ट्राइक २ च्या एडब्ल्यूपी या स्कोपवाल्या बंदुकीचं उदाहरण घ्या. पहिल्या झूमला नजर ९० वरून ४० अंशांवर येते, आणि खेळ सेन्सी ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४ पट करतो. पण पडद्याच्या मधोमध वस्तू किती मोठी दिसते ते कोनाच्या सरळ प्रमाणात नसतं, अर्ध्या कोनाच्या टॅनच्या प्रमाणात असतं: २० अंशांचा टॅन भागिले ४५ अंशांचा टॅन, ०.३६४. म्हणून क्रॉसहेअरजवळची चाल स्कोपविना असते तशीच हवी असेल तर झूमचा गुणक ०.३६४ भागिले ०.४४४, म्हणजे ०.८१९ ठेवतात. हा ०.८१९ अनेक पोरं कॉपी करतात आणि कुठून आला ते विचारत नाहीत; म्हणून लिहिलं. भाच्याला ते सांगायला गेलो तर म्हणाला, "ऑपरेटर घ्याले पैसेच नाई राह्यत मामा राउंडमधी." (ऑपरेटर म्हणजे व्हॅलोरंटमधली महागडी स्कोपवाली बंदूक.) सोडून दिलं.

निकाल लगेच लागला नाही. पहिला आठवडाभर बारीक नेम सुधारला, पण मागे वळताना हात अजून झटका मारून थांबायचा, कारण त्या झटक्याला पूर्वी दुप्पट अंतर मिळायचं. हे शिकवण्यासाठी रोज रेंजमध्ये, म्हणजे खेळातल्या सरावाच्या जागेत, दहा मिनिटं एवढंच दिलं: डोळे मिटून अर्धं वळायचं, डोळे उघडून किती चुकलं ते बघायचं, आणि तेवढ्यात सेन्सीला हात लावायचा नाही. शेवटची अट सगळ्यात जड गेली. रोज आकडा बदलणाऱ्या पोरांना मी दुकानात पाहतो. त्यांचा हात कुठल्याच घरी मुक्काम करत नाही. महिनाभरात वळणं जागेवर आली. पुठ्ठ्यावरचा चकचकीत गोलही आता वाटीचा ताटलीएवढा झालाय.

नाताळच्या सुट्टीत तो मित्रांकडे अमरावतीला गेला. जाताना वहीच्या मागच्या पानावर फक्त '२४ सेंमी' लिहून नेलं. रात्री फोन आला.

"मामा, इथला माऊस १६०० चा हाये म्हणते. मी ०.५५३ ला हजारानं गुणून १६०० नं भागलं, ०.३४६ आलं. लावलं."

"मंग?"

"मोजलं तं २२.४ च आलं. डब्यावर १६०० लिहेल हाये, पण तो जास्तच पयते. मंग ०.३४६ ले २२.४ नं गुणलं अन् २४ नं भागलं. ०.३२३ लावलं, पुन्हा मोजलं."

"किती आलं?"

"चोवीस."

टेप त्यानं ताईला न विचारता बॅगेत घातला होता, हे मला नंतर कळलं.